मार्कशीटवरच्या चार ओळी: परदेशात अर्थशास्त्र किंवा फायनान्सच्या मास्टर्सला अर्ज करताना

दरवर्षी गणपतीच्या सुमारास कुणाचा तरी फोन येतो. "अगं, माझा भाचा टीवायला आहे, त्याला लंडनला इकॉनॉमिक्स करायचंय. जरा त्याचा एसओपी बघतेस का?" एसओपी म्हणजे अर्जासोबतचा 'मला हे का शिकायचंय' सांगणारा निबंध. तो मी आधी मागत नाही. सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीटचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव म्हणते. भाच्याला ते जरा विचित्र वाटतं, कारण त्याने तीन रात्री जागून निबंध लिहिलेला असतो आणि त्यात 'पॅशन' हा शब्द सात वेळा आलेला असतो.

अर्थशास्त्राच्या अर्जात निबंध लोणच्यासारखा असतो. पानात हवा, पण त्याने पोट भरत नाही. निवड समितीतला प्राध्यापक आधी ट्रान्सक्रिप्ट उघडतो आणि त्यात चार ओळी शोधतो: अनेक चलांचं कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, प्रॉबॅबिलिटी-स्टॅटिस्टिक्स आणि रिअल अ‍ॅनालिसिस. शेवटचं म्हणजे कॅल्क्युलसमागच्या सिद्धतांचं गणित. या चार विषयांसमोर चांगले गुण दिसले तर तो पुढचं मन लावून वाचतो. विषयच दिसले नाहीत तर 'विकसनशील देशातली विषमता मला लहानपणापासून अस्वस्थ करते' हे वाक्य कितीही मनापासून लिहिलेलं असो, फाइल बाजूला जाते. म्हणून हा लेख शक्यतो एसवायला असतानाच वाचा. टीवायला असाल तरी हरकत नाही, फक्त पावलं भरभर टाकावी लागतील.

आधी दुकान कोणतं ते बघा

'मास्टर्स इन इकॉनॉमिक्स' ही पाटी लावलेली निदान दोन वेगळी दुकानं आहेत, आणि फायनान्सचं तिसरं.

पहिल्या दुकानात पीएचडीची तयारी करून घेतात. जर्मनीतलं बॉन, अ‍ॅमस्टरडॅम आणि रॉटरडॅमच्या विद्यापीठांनी मिळून चालवलेली टिनबर्गन इन्स्टिट्यूट, फ्रान्समधलं टूलूझ, पॅरिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा एपीई हा अभ्यासक्रम, बार्सिलोना स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ऑक्सफर्डचा दोन वर्षांचा एमफिल, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा ईएमई म्हणजे इकॉनोमेट्रिक्स अँड मॅथेमॅटिकल इकॉनॉमिक्स. इथे चौथी ओळ, म्हणजे अ‍ॅनालिसिस, जवळपास सक्तीचीच समजा. 

दुसरं दुकान नोकरी करणारे अर्थतज्ज्ञ घडवतं: सल्लागार संस्था, मध्यवर्ती बँका, विकास संस्था, सरकारी खाती. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, यूसीएल (युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन), वॉरिक यांचे एमएससी इकॉनॉमिक्स या दोहोंच्या सीमेवर बसतात. तिथून पीएचडीलाही जातात आणि नोकरीलाही. पॅरिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचाच पीपीडी हा दुसरा अभ्यासक्रम सार्वजनिक धोरण आणि विकासाकडे झुकलेला आहे.

फायनान्समध्ये आणखी एक फाटा फुटतो. एचईसी पॅरिस, बोकोनी, ऑक्सफर्डचं एमएससी फायनान्शियल इकॉनॉमिक्स हे बिझनेस स्कूलच्या वळणाचे, इन्व्हेस्टमेंट बँकिंग आणि अ‍ॅसेट मॅनेजमेंटकडे बघणारे. अमेरिकेतले एमएफई (फायनान्शियल इंजिनियरिंगचे मास्टर्स), म्हणजे बरूक, कार्नेगी मेलन, बर्कली, आणि झुरिक विद्यापीठ व तिथलं तंत्रविद्यापीठ ईटीएच यांचा संयुक्त क्वांटिटेटिव्ह फायनान्स, हे खरं तर गणिताचे आणि कोडिंगचे अभ्यासक्रम आहेत. तिथे अर्थशास्त्राची पदवी असण्यापेक्षा सी प्लस प्लस आणि स्टोकॅस्टिक कॅल्क्युलसची भीती नसणं जास्त उपयोगाचं. नावांवरही जाऊ नका. लंडन बिझनेस स्कूलमध्ये 'मास्टर्स इन फायनान्शियल अ‍ॅनालिसिस' नुकत्याच पदवी घेतलेल्यांसाठी आहे आणि 'मास्टर्स इन फायनान्स' कामाचा अनुभव असलेल्यांसाठी. चुकीच्या पाटीखाली अर्जाची फी भरलेली मुलं मी पाहिली आहेत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. ज्याला नक्की पीएचडीच करायची आहे त्याने परदेशी मास्टर्ससाठी मोठं कर्ज काढण्याआधी दहा वेळा विचार करावा. अमेरिकेतल्या पीएचडीला मास्टर्सची अट नसते, आणि चांगल्या विद्यापीठांत पीएचडीची फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळतं. दिल्ली स्कूल, भारतीय सांख्यिकी संस्था, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था किंवा पुण्याची गोखले संस्था इथून मास्टर्स करून थेट तिकडे जाणारी मुलं आहेत. 'परदेशातलंच हवं' हा हट्ट असेल तर निदान बॉनसारखी बिनफीची जागा यादीत असू द्या.

चार ओळी मार्कशीटवर आणायच्या कशा

बीए इकॉनॉमिक्सवाल्यांची खरी अडचण इथे आहे. आपल्याकडच्या पुष्कळ कॉलेजांत गणित म्हणजे 'मॅथेमॅटिकल इकॉनॉमिक्स'चा एखादा पेपर, त्यात डेरिव्हेटिव्ह काढून नफा कमाल करणं, आणि संपलं. नव्या शैक्षणिक धोरणात मायनर विषय निवडता येतो, ही मोठी संधी आहे. मायनर म्हणून गणित किंवा संख्याशास्त्र घ्या. मैत्रिणी दुसरं काही सोपं घेतील, घेऊ द्या. मायनर मिळत नसेल तर एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे लिनिअर अल्जिब्रा, प्रॉबॅबिलिटी आणि रिअल अ‍ॅनालिसिसचे कोर्स आहेत. व्हिडिओ फुकट बघता येतात, पण केंद्रावर जाऊन परीक्षा द्याच. नुसतं 'पाहिलं' याला कुणी विचारत नाही. पर्यवेक्षकासमोर बसून दिलेल्या परीक्षेचे गुण मात्र ट्रान्सक्रिप्टला जोडता येतात.

आणखी एक वाट म्हणजे एमआयटीचं ऑनलाइन मायक्रोमास्टर्स, 'डेटा, इकॉनॉमिक्स अँड डिझाइन ऑफ पॉलिसी'. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो यांच्या प्रयत्नांतून उभं राहिलेलं. परीक्षेची फी उत्पन्नाप्रमाणे कमी-जास्त होते. मायक्रोमास्टर्स पूर्ण करणाऱ्यांना एमआयटीच्या त्याच नावाच्या निवासी मास्टर्ससाठी अर्ज करता येतो, आणि इतर ठिकाणीही त्या गुणांना वजन आहे.

अ‍ॅनालिसिसचं एवढं कौतुक कशाला, असं प्रत्येक जण विचारतो. कारण पहिल्या दोन आठवड्यांतच मायक्रोचे प्राध्यापक फळ्यावर लिहितात: किमती धन आहेत, म्हणून बजेट सेट कॉम्पॅक्ट आहे, युटिलिटी फलन कंटिन्युअस आहे, म्हणून ग्राहकाची सर्वोत्तम निवड अस्तित्वात आहे. आणि पुढे जातात. 'कॉम्पॅक्ट' (इथे बंद आणि मर्यादित संच) म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याचं बोट तिथेच सुटतं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स एमएससीच्या मुलांना सप्टेंबरमध्ये ईसी४०० नावाचा गणित-संख्याशास्त्राचा पूर्वतयारी वर्ग देतं, पण तो उजळणीसाठी असतो. तिथे पहिल्यांदा शिकायला बसलात तर दमछाक ठरलेली.

इंजिनियरांचं उलटं असतं. एम-वन ते एम-थ्री हे गणिताचे पेपर झालेले असतात, त्यामुळे पहिल्या तीन ओळी बऱ्याच अंशी तयार. फक्त एम-थ्रीला केटी असेल तर ती ट्रान्सक्रिप्टवर दिसू शकते. लपवू नका, नंतर कठीण गणिताचा एखादा कोर्स चांगल्या गुणांनी करून उत्तर द्या. त्यांची कमतरता असते अर्थशास्त्राची. इंटरमीडिएट मायक्रो, मॅक्रो आणि इकॉनोमेट्रिक्स कुठेतरी परीक्षा देऊन केलेलं हवं. अनेक युरोपीय अभ्यासक्रम अर्थशास्त्राचे आणि गणिताचे किमान ईसीटीएस, म्हणजे युरोपीय मापातले, क्रेडिट मागतात. तिकडचं एक पूर्ण वर्ष म्हणजे ६० ईसीटीएस, तीन वर्षांची पदवी १८०. आपले विषय या मापात बसवून दाखवणारा तक्ता अर्जासोबत द्या, अभ्यासक्रमाच्या छापील पानांसकट. हे काम कंटाळवाणं आहे, पण 'हिला पुरेसं गणित नाही' हा शेरा याच तक्त्याने टळतो.

बीकॉमवाल्यांनी खट्टू होऊ नये. फायनान्सच्या बिझनेस स्कूलवाल्या वळणाला अकाउंटिंग चालतं, सीएफए या गुंतवणूक विश्लेषकांच्या परीक्षेची पहिली पातळीही मदत करते. मात्र थेट अर्थशास्त्राच्या संशोधनी मास्टर्सला बीकॉमवरून उडी मारायची तर मधे एखादं वर्ष गणितात घालवावं लागेल, यात गोडगोड बोलण्यासारखं काही नाही.

जीआरई, जीमॅट आणि इंग्रजी

प्रवेशपरीक्षा म्हणून अर्थशास्त्राला जीआरई, फायनान्सला जीआरई किंवा जीमॅट. दोन्हीकडे अर्ज करायचा असेल तर जीआरई एकच पुरते.

सप्टेंबर २०२३ पासून जीआरई छोटी झाली आहे: १ तास ५८ मिनिटं, एक निबंध, आणि क्वांट (गणित) व व्हर्बलचे (इंग्रजी) दोन-दोन विभाग. क्वांटचे एकूण २७ प्रश्न, ४७ मिनिटं. गुण १३० ते १७०, आणि निकाल ५ वर्षं चालतो. याचा फायदा घ्या: एसवायनंतरच्या सुट्टीत देऊन टाका. बिघडलं तर २१ दिवसांनी पुन्हा देता येते, वर्षात पाच वेळा.

किती हवेत? अर्थशास्त्रासाठी क्वांट १६७ च्या वर असावं असं माझं मत. गणित ज्यांच्या हाताखालून गेलं आहे अशी चीन, इटली, जर्मनीची मुलं तिथे १६८-१७० घेऊन येतात. क्वांटचं गणित आपल्या दहावी-अकरावीच्या पातळीचंच असतं. चुका होतात त्या घाईने. व्हर्बलकडे संशोधनी कार्यक्रमांत फारसं बघत नाहीत, बिझनेस स्कूलमध्ये जरा बघतात. शब्दांच्या याद्या पाठ करण्यात चार महिने घालवलेली मुलगी अ‍ॅनालिसिसच्या पेपरला ५२ आणते, हा उलटा व्यवहार झाला.

जीमॅट आता २०५ ते ८०५ या मापावर आहे, सव्वादोन तासांची, ४५ मिनिटांचे तीन विभाग. जुन्या ८०० च्या मापाशी तुलना करून स्वतःला कमी लेखू नका, तराजूच बदलला आहे.

आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षं चालतो, म्हणून तो फार लवकर देऊ नका. शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं असल्याचं कॉलेजचं पत्र काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. प्रत्येक कार्यक्रमाचं पान उघडून बघणं भाग आहे.

कागद

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण याबद्दल फारसं कुणी बोलत नाही आणि ऐन वेळी रडू याच गोष्टींनी येतं.

पहिलं नाव. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि बऱ्याचदा शेवटी आईचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत, आणि वडिलांचं नाव कधी असतं कधी नसतं. तिकडच्या संगणकाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. जीआरईची नोंदणी, आयईएल्टीएस, अर्ज, सगळीकडे पासपोर्टवर आहे अगदी तसंच नाव घाला. पासपोर्ट नसेल तर सगळ्यात आधी तो काढा, आणि काढताना दहावीच्या प्रमाणपत्रातलं स्पेलिंग तपासा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्रातली नोंद हाताशी ठेवावी.

दुसरं ट्रान्सक्रिप्ट. मार्कशीटचा गठ्ठा म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नव्हे. विद्यापीठाने एकत्र करून, सही-शिक्क्यानिशी, बंद लिफाफ्यात किंवा ऑनलाइन दिलेला तो कागद असतो. त्याला वेळ लागतो. किती लागतो हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठाच्या खिडकीसमोर उभं राहिलेल्याला सांगायला नको. पाचव्या सेमिस्टरच्या आधीच अर्ज टाका.

तिसरं गुणांचं रूपांतर. जर्मनीत 'बव्हेरियन सूत्र' वापरतात. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्ण होण्याची मर्यादा यांच्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. जर्मनीत १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. समजा १० पैकी ८.५ सीजीपीए आहे आणि पास ४ वर: १.५ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे १.७५. छान. आता समजा १०० पैकी ६८ टक्के आहेत, पास ४० वर: ३२ भागिले ६०, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.६. आणि कट २.५ वर असेल तर? ज्या विद्यापीठात ६८ टक्क्यांना मुलगी वर्गात तिसरी येते, तिथे हे सूत्र तिच्यावर सरळ अन्याय करतं. उपाय एकच, कॉलेजकडून किंवा विभागाकडून लेखी घ्या: '११२ विद्यार्थ्यांत तिसरा क्रमांक'. शिफारसपत्रातही तो आकडा येऊ द्या. ब्रिटनमध्ये आपला 'फर्स्ट क्लास' त्यांच्या फर्स्टइतका धरत नाहीत, तिथेही हाच कागद कामी येतो.

जर्मनीसाठी एपीएस प्रमाणपत्र हा चौथा कागद. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना स्टुडंट व्हिसासाठी ते लागतं, आणि पुष्कळ विद्यापीठं अर्जासोबतच मागतात. आपली पदवी खरी आहे याची ही पडताळणी. त्याला आठवडे लागतात, म्हणून ज्या सप्टेंबर-ऑक्टोबरला जायचं त्याच्या आधीच्या दिवाळीपूर्वी अर्ज करा.

शिफारसपत्रं

१९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या एडविन सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना आपल्या एका विद्यार्थ्यासाठी पत्र लिहिलं. विद्यार्थी भीमराव आंबेडकर. या पत्राचं बळ कशात होतं? लिहिणाऱ्याने त्यांना स्वतः शिकवलं होतं, आणि वाचणारा लिहिणाऱ्याला ओळखत होता. शंभर वर्षांत पत्र टपालाऐवजी पोर्टलवर जायला लागलं, एवढाच फरक.

आपल्याकडे मात्र प्राचार्यांच्या पत्राचा सोस आहे. प्राचार्यांनी तुम्हाला कधी शिकवलं नसेल तर त्यांच्या लेटरहेडचा उपयोग शून्य. त्यापेक्षा स्टॅटिस्टिक्सच्या तासाला तुमची उत्तरं फळ्यावर लिहून घेणाऱ्या मॅडमचं पत्र शंभरपट मोलाचं. दोन पत्रं लागतात, कधी तीन. निदान एक गणित किंवा इकॉनोमेट्रिक्स शिकवणाऱ्यांचं हवं. फायनान्सला एक पत्र कामाच्या ठिकाणचं चालतं.

"तूच लिहून आण, मी सही करतो" हे वाक्य ऐकायला मिळेलच. सर वाईट नसतात. त्यांच्या हाताखाली दोनशे मुलं असतात. पण तुम्ही लिहिलेली दोन पत्रं एकाच हाताची वाटतात, आणि वाचणारे मूर्ख नसतात. त्याऐवजी सरांना एक पान द्या: कोणत्या वर्षी कोणता विषय, किती गुण, कोणता प्रोजेक्ट, वर्गात कितवा क्रमांक, आणि त्यांना आठवेल असा एखादा प्रसंग. त्यावरून दहा ओळी त्यांनी स्वतः लिहिल्या तरी त्या खऱ्या वाटतात. पत्र जीमेलवरून न जाता कॉलेजच्या ईमेलवरून जावं. तो पत्ता सरांकडे नसेल तर कॉलेजच्या ऑफिसात आधीच विचारून करवून घ्या.

माझ्या वेळी एका सरांनी शेवटच्या दिवशी लिंक उघडली आणि ती बंद झालेली होती. माझीच चूक. तारीख सांगितली होती, पण मध्यरात्र कुठल्या देशाची ते सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी सगळ्यांना खऱ्या तारखेच्या दहा दिवस आधीची तारीख सांगायला लावते. हे खोटं बोलणं पचतं.

निबंध

लोणचं म्हटलं तरी ते बिघडलेलं नको. 'अर्थशास्त्र हे समाजाचा आरसा आहे' अशी सुरुवात करू नका. एक प्रश्न घ्या, आणि तो तुम्हाला किती खोलवर कळतो ते दाखवा.

उदाहरण आपल्या दारातलंच. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली, मे २०२४ मध्ये बंदी उठवली. लासलगावात काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे. कच्चा विद्यार्थी लिहितो: 'निर्यातबंदीने शेतकऱ्याचं नुकसान झालं, मला यावर काम करायचं आहे.' तयार विद्यार्थी लिहितो: 'अ‍ॅगमार्कनेट या सरकारी बाजारभावांच्या वेबसाइटवर रोजचे भाव आहेत. बंदीनंतर लासलगावचा भाव पडला, पण त्याच आठवड्यांत खरिपाचा माल बाजारात येत होता. मग पडझडीतला बंदीचा वाटा किती आणि आवकेचा किती? निर्यातीशी फारसा संबंध नसलेल्या बाजारांशी तुलना करून पाहिली, पण व्यापारी माल तिकडेही वळवत असतील तर ती तुलनाही गढूळ होते. हे सोडवायला मला पॅनेल डेटाचं इकॉनोमेट्रिक्स नीट शिकायचं आहे.' दुसऱ्या परिच्छेदात उत्तर नाही, अडचण आहे. प्राध्यापकाला नेमकी तीच वाचायची असते, कारण ती अडचण ज्याला दिसली त्याने आकड्यांशी खरोखर झटापट केली आहे.

मग मोजकं: कुठले विषय कुठल्या गुणांनी केले, काही गडबड असेल तर दोन वाक्यांत कारण, त्या विद्यापीठातला नेमका कोणता कोर्स किंवा कोणत्या प्राध्यापकाचं काम जुळतं, आणि पुढे काय. नाव बदलून दहा ठिकाणी चिकटवता येईल असा परिच्छेद असेल तर तो काढून टाका.

फायनान्सचा निबंध वेगळा. तिथे ज्ञानाची तळमळ दाखवण्यापेक्षा नोकरीची स्पष्टता लागते: कोणतं काम, कोणत्या शहरात, त्यासाठी आत्तापर्यंत काय केलंत. 'फायनान्स इंडस्ट्रीत योगदान द्यायचं आहे' याला काही अर्थ नाही. 'युरोपातल्या विमा कंपन्यांच्या बाँड पोर्टफोलिओचं रिस्कचं काम' याला आहे. काही कार्यक्रमांत रेकॉर्डेड व्हिडिओ मुलाखत असते. पडद्यावर प्रश्न येतो, अर्धा मिनिट विचाराला, दीड मिनिट बोलायला. घरात मिक्सर बंद ठेवायला सांगा.

यादी आणि तारखा

आठ ते दहा अर्ज पुरेत. तीन स्वप्नातले, चार बरोबरीचे, दोन हमखास. त्याहून जास्त म्हणजे फी वाया आणि सरांच्या डोक्याला ताप.

ज्या सप्टेंबरला जायचं त्याच्या आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पोर्टल उघडतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बहुतेक अर्ज येतील तसे तपासले जातात, म्हणून नोव्हेंबरचा अर्ज मार्चच्या अर्जापेक्षा नेहमी चांगला. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या तारखा ठरलेल्या, डिसेंबर-जानेवारीच्या आसपास. अमेरिकेतल्या एमएफईच्या फेऱ्या नोव्हेंबर-डिसेंबरपासून सुरू होतात. जर्मन विद्यापीठं सावकाश, वसंतात.

कन्सल्टन्सीबद्दल एवढंच: जी फुकट सल्ला देते तिला कमिशन विद्यापीठाकडून मिळतं, त्यामुळे यादी तिकडेच झुकते. तुमच्या यादीतल्या जागांसाठी तिची गरज नाही. पैसे वाचले तर जीआरई दुसऱ्यांदा द्या.

अमेरिकेचा विचार असेल तर कार्यक्रमाचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा सरकारी क्रमांक, विचारा. नुसत्या अर्थशास्त्राचा ४५.०६०१ हा स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या यादीत) नाही, पण इकॉनोमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सचा ४५.०६०३ आहे. फरक काय? ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करण्याची मुभा, १२ महिने की स्टेमची वाढ धरून ३६. ब्रिटनमध्ये पदवीनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना १८ महिनेच मिळणार. जर्मनीत नोकरी शोधायला १८ महिने मिळतात.

पैसे

लंडनच्या नामांकित फायनान्स मास्टर्सची नुसती फी ४० लाखांच्या पुढे जाते. बॉनमध्ये फी नाही, सेमिस्टरला काही शे युरो भरायचे. मानहाइम मात्र बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात, तिथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो. जर्मन व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. ते तुमचेच असतात, दरमहा ९९२ याप्रमाणे परत मिळतात, पण सुरुवातीला एकरकमी उभे करावे लागतात.

शिष्यवृत्त्यांच्या तारखा प्रवेशाच्या तारखांच्या आधी किंवा नंतर कशाही पडतात, म्हणून वेगळी वही ठेवा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे. मराठा समाजासाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्ती. ओबीसी आणि भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठीही राज्याची योजना आहे. यांना जागतिक क्रमवारीची आणि उत्पन्नाची अट असते. क्रमवारी विद्यापीठाची बघतात, विभागाची नाही, त्यामुळे अर्थशास्त्रात अव्वल असलेली छोटी संस्था यादीत न बसण्याची शक्यता असते. अर्ज करण्याआधी हे तपासा. खुल्या गटासाठी जे. एन. टाटा एंडॉवमेंट, १८९२ पासूनची कर्ज-शिष्यवृत्ती, आणि के. सी. महिंद्रा ट्रस्टचं बिनव्याजी कर्ज. ऑक्सफर्ड, सोआस, रीडिंगसाठी फेलिक्स शिष्यवृत्ती. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो.

पैसे मधेच संपले तर काय होतं हे डॉ. आंबेडकरांनीही भोगलं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. परत येण्याची परवानगी मात्र त्यांनी संस्थेकडून घेऊन ठेवली होती. १९२० मध्ये ते पुन्हा गेले, १९२१ ला एमएससी, १९२३ ला डीएससी. त्यामुळे ऑफर आली आणि पैसे जमले नाहीत तर ती सोडून देण्याआधी एक वर्ष पुढे ढकलता येते का, हे लेखी विचारा. उत्तर 'नाही' आलं तरी विचारण्यात काही जात नाही.

बँकेचं कर्ज घेत असाल तर तारणाची कागदपत्रं, सात-बारा किंवा फ्लॅटचा इंडेक्स टू, आधीच वकिलाला दाखवून ठेवा. कर्जाच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत आठ वर्षं वजावट मिळते. शैक्षणिक कर्जातून बाहेर पाठवलेल्या रकमेवर आता टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच कापून घ्यायचा कर, नाही. घरच्या बचतीतून वर्षाला १० लाखांपेक्षा जास्त पाठवलंत तर लागतो, विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो. ब्रिटनच्या व्हिसासाठी पैसे खात्यात सलग २८ दिवस हवेत. मामाकडून घेतलेले सत्ताविसाव्या दिवशी त्याला परत करू नका.

ऑफर आल्यावर

ऑफर बहुधा सशर्त असते: अंतिम वर्षाला अमुक इतके टक्के. निकाल लांबले तर विद्यापीठाला आधीच ईमेल करा आणि कॉलेजकडून 'परीक्षा दिली आहे, निकाल अमुक महिन्यात अपेक्षित' असं पत्र घेऊन ठेवा.

आणि फायनान्सवाल्यांनो, सगळ्यात महागात पडणारी चूक अजून बाकी आहे. लंडनच्या बँका पुढच्या वर्षीच्या भरतीचे अर्ज जुलै ते सप्टेंबरमध्ये उघडतात. म्हणजे तुम्ही पुण्यात बॅगांचं वजन करत असता तेव्हा. वर्षभराचं मास्टर्स, सप्टेंबरअखेर वर्ग सुरू, आणि नोव्हेंबरपर्यंत बऱ्याच जागा भरलेल्या. म्हणून सीव्ही तिकडच्या एकपानी धाटणीत जूनमध्येच तयार ठेवा, त्यात जन्मतारीख, फोटो, वडिलांचं नाव काही नको, आणि पहिले दहा अर्ज विमानात बसण्याआधी पाठवून द्या.

अर्थशास्त्रवाल्यांनी तेच दोन महिने अ‍ॅनालिसिसची वही पुन्हा काढावी. कॉम्पॅक्ट सेटपासून.